ओट्यावरची सावली

१८८२ साली मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटात विजेचे दिवे लागले. विजेने उजळलेली देशातली पहिली इमारत म्हणून तिचं नाव घेतात. त्या मंडईपासून थोडं चाललं की लोहार चाळ लागते. वायरी, स्विच, होल्डर, पंखे आणि दिवे यांचा हा मुंबईतला जुना घाऊक बाजार. दिवाळीच्या आधी इथे चालायला वाट मिळत नाही. पुण्यात तशीच गर्दी तपकीर गल्लीत होते. माळा आणि कंदील घ्यायला आलेला माणूस जाता जाता घरातला गेलेला बल्बही बदलून नेतो.

काउंटरपाशी थोडा वेळ उभं राहिलं की तेच संभाषण पुन्हा पुन्हा कानावर पडतं. "हॉलला किती वॅटचा लागेल?" "बारा न्या, दादा." "वॉर्म देऊ की व्हाइट?" "पांढराच द्या, उजेड पडला पाहिजे." दुकानदार बल्ब होल्डरला लावून पेटवून दाखवतो, डब्यावर तारीख टाकतो आणि व्यवहार संपतो. त्या दिव्याखाली कोण बसणार, काय करणार, किती वाजता करणार, त्याचं वय काय, हे कोणी विचारत नाही. गिऱ्हाईकही सांगत नाही. मग स्वयंपाकघर, देवघर, आजोबांची खोली आणि बाळाचा पाळणा या सगळ्यांवर एकाच जातीचा पांढराशुभ्र उजेड पसरतो. हा लेख त्या न विचारलेल्या प्रश्नांसाठी आहे.

पांढऱ्या उजेडाची ही ओढ कुठून आली, तेही समजून घेतलं पाहिजे. महाराष्ट्रातल्या दोन-तीन पिढ्यांनी पिवळा बल्ब अनुभवला तो कमी दाबाच्या विजेत, भारनियमनाच्या काळात, तार लालसर होऊन धुगधुगताना. घरात ट्यूबलाइट आली म्हणजे परिस्थिती सुधारली असं मानलं जाई. अभ्यास ट्यूबखाली, पाहुणे ट्यूबखाली, संडास-बाथरूमला मात्र चाळीसचा पिवळा बल्ब. चाळीस वॅटच्या त्या ट्यूबवर 'कूल डेलाइट' लिहिलेलं असायचं. पुढे सीएफएल आले तेही बहुतेक त्याच रंगाचे. ५ जानेवारी २०१५ रोजी केंद्र सरकारची 'उजाला' योजना सुरू झाली, तिच्यातून ३६ कोटींहून अधिक एलईडी बल्ब वाटले गेले, आणि त्यांचाही उजेड थंड पांढराच होता. सरकारी खरेदीत २०१४ च्या सुरुवातीला ३१० रुपयांना पडणारा बल्ब दोन-अडीच वर्षांत चाळीस रुपयांच्या खाली आला. देशाने विजेची केलेली ही मोठी बचत आहे आणि तिचं मोल मला कमी लेखायचं नाही. साठ वॅटचा जुना बल्ब रोज पाच तास जाळला तर वर्षाला सुमारे ११० युनिट खातो. नऊ वॅटचा एलईडी तेवढ्याच वेळात सोळा-सतरा. पण दिवा स्वस्त झाला आणि निवड करायची सवय लागायच्या आधीच तो घरभर लागला.

एलईडीचा पांढरा उजेड मुळात पांढरा नसतो. लाल एलईडी १९६२ सालीच बनला होता, हिरवाही नंतर आला, निळा मात्र कोणाला साधेना. जपानच्या इसामु आकासाकी, हिरोशी आमानो आणि शुजी नाकामुरा यांनी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत गॅलियम नायट्राइडपासून तेजस्वी निळा एलईडी घडवला. २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल त्यांना मिळालं ते यासाठी. आपल्या घरातल्या प्रत्येक बल्बमध्ये हीच निळी चिप आहे. तिच्यावर पिवळसर रसायनाचा, फॉस्फरचा, लेप असतो. निळ्यातला काही भाग लेप शोषतो आणि पिवळा-लाल करून परत देतो. उरलेला निळा आणि हा पिवळा मिसळून डोळ्याला पांढरं दिसतं. लेप पातळ असला तर निळा जास्त सुटतो आणि दुकानदार त्याला 'व्हाइट' म्हणतो. डब्यावर तिथे ६५०० केल्विन छापलेलं असतं. लेप दाट आणि लालसर असला तर 'वॉर्म', म्हणजे २७०० किंवा ३००० केल्विन. मधला 'नॅचरल' किंवा 'न्यूट्रल' ४००० च्या आसपास. समईच्या ज्योतीचा रंग याच मोजपट्टीवर १८००-१९०० च्या घरात येतो. आकडा जितका मोठा तितका उजेड निळसर, एवढं लक्षात ठेवलं तरी निम्मं काम होतं. अनेकांना वाटतं तसा हा आकडा उजेडाच्या प्रमाणाचा नाही. नऊ वॅटचा वॉर्म आणि नऊ वॅटचा कूल यांच्या उजेडात फार थोडा फरक असतो.

उजेडाचं प्रमाण ल्युमेनमध्ये मोजतात, आणि तो पृष्ठभागावर किती दाट पडतो ते लक्समध्ये. एक ल्युमेन एक चौरस मीटरवर पसरला की एक लक्स. चांगल्या एलईडीत वॅटमागे शंभर ल्युमेन सहज मिळतात. दहा बाय बाराच्या खोलीत वीस वॅटची एलईडी पट्टी, म्हणजे दोन हजार ल्युमेन, लावली आणि भिंती फिक्या असल्या तर खोलीत साधारण शंभर लक्स मिळतात. बसण्या-बोलण्याला, वावरायला तेवढे भरपूर. वाचायला, शिवायला, निवडायला, चिरायला मात्र तीनशेच्या आसपास लागतात. त्यासाठी आणखी दोन पट्ट्या छताला ठोकणं हा महाग आणि डोळ्यांना त्रास देणारा उपाय आहे. हातातल्या कामाजवळ एक लहान दिवा आणला की तेच काम पाच-सात वॅटमध्ये होतं.

हे सगळ्यात जास्त पटतं ते स्वयंपाकघरात.

मुंबई-पुण्यातल्या फ्लॅटचं स्वयंपाकघर घ्या. ओटा भिंतीला लागून. दिव्याचा पॉइंट छताच्या मधोमध, नाहीतर ओट्याच्या समोरच्या भिंतीवर दाराच्या वर. स्वयंपाक करणारी व्यक्ती ओट्याकडे तोंड करून उभी, म्हणजे दिवा तिच्या पाठीमागे. तिच्या डोक्याची आणि खांद्यांची सावली बरोबर तिथे पडते जिथे सुरी चालते आहे. वरची कपाटं पुढे आलेली असली तर त्यांचीही सावली तिच्यात मिसळते. वर्षानुवर्षं घराघरात बायका या सावलीत भाज्या चिरत, तांदळातले खडे काढत आल्या आहेत. घर नवीन करताना टाइल्स, ट्रॉल्या आणि चिमणीवर लाखभर रुपये खर्च होतात. ही सावली तशीच राहते. डोंबिवलीतल्या एका वायरमनना मी याबद्दल विचारलं. ते म्हणाले, "पॉइंट कुठे काढायचा ते बिल्डरचा नकाशा सांगतो. घरातल्या बाईला विचारा असं कोणी सांगत नाही. आणि ओट्यापाशी उभं राहून बघितल्याशिवाय ते कळत पण नाही."

उपाय साधा आहे. वरच्या कपाटाच्या तळाला, पुढच्या कडेजवळ, ओट्याच्या लांबीइतकी एलईडी पट्टी लावायची. सुतार आणि वायरमन याला 'प्रोफाइल लाइट' म्हणतात. ॲल्युमिनियमच्या पन्हळीत पट्टी बसते आणि वरून दुधी झाकण येतं. पुष्कळजण ती कपाटाच्या मागे, भिंतीला चिकटवून लावतात. तसं केलं की उजेड टाइल्सवर पडतो, फोटो छान येतो आणि चिरण्याची जागा पुन्हा अंधारी. पुढच्या कडेला लावली तर उजेड थेट हातांवर येतो. दुधी झाकणाचा आग्रह धरावा, कारण आपले ओटे बहुधा घोटीव काळ्या ग्रॅनाइटचे असतात आणि उघड्या पट्टीचा प्रत्येक ठिपका त्यात आरशासारखा चमकून डोळ्यात घुसतो. आठ फुटी ओट्याला दहा वॅटच्या आसपास पुरतात. गॅसच्या बरोबर वर पट्टी नको, तिथली उष्णता आणि तेलकट वाफ तिला टिकू देत नाही. जिथे वर कपाटंच नाहीत तिथे ओटा ज्या भिंतीला लागून आहे त्याच भिंतीवर, उभं राहिल्यावर डोक्याच्या थोडं वर, एक छोटी बॅटन, म्हणजे ट्यूबसारखी पट्टी, चालते. दिवा तोंडासमोर आला की सावली पाठीमागे जाते.

रंग कुठला? इथे मी ४००० केल्विन सुचवेन, आणि त्याहून जास्त महत्त्व देईन डब्यावरच्या दुसऱ्या एका आकड्याला. सीआरआय. एखाद्या दिव्याखाली वस्तूंचे रंग किती खरे दिसतात याचं हे माप शंभरपैकी दिलेलं असतं. बाजारातले बहुतेक बल्ब ऐंशीच्या आसपास असतात. नव्वदच्या पुढचे थोडे महाग मिळतात, मागावे लागतात. हा आकडा आठ ठरावीक फिक्या रंगांची सरासरी असतो, आणि गडद लाल त्या आठांत नाहीच. स्वस्त एलईडीत लालाचीच टंचाई असते. आता आपला स्वयंपाक आठवा. कांदा गुलाबी झाला की करपायला लागला, मसाल्याला तेल सुटलं का, मेथीच्या जुडीत पिवळी पानं किती, बांगड्याचे कल्ले लाल आहेत की तपकिरी पडलेत, या सगळ्या परीक्षा रंगाच्या आहेत. साडीच्या दुकानात जाणत्या बायका साडी दाराशी नेऊन दिवसाच्या उजेडात बघतात, त्यामागेही हेच कारण. दुकानातल्या दिव्याखाली जुळलेले दोन लाल बाहेर वेगळे निघू शकतात. म्हणून घरात दोन जागी तरी नव्वदच्या वरचा सीआरआय घ्यावा, ओट्यावर आणि कपड्यांच्या कपाटासमोरच्या आरशापाशी.

दिवाणखान्याबद्दल मला थोडी तक्रार आहे. फॉल्स सिलिंगची लाट आल्यापासून दहा बाय पंधराच्या हॉलमध्ये आठ-आठ, दहा-दहा डाउनलाइट दिसतात. प्रत्येकी बारा वॅट धरले तरी शंभर वॅटच्या आसपास गेलो, म्हणजे एलईडीने वाचवलेली वीज पुन्हा छताला टांगली. वर सगळे एकाच बटणावर. माणसं बसलेली आणि उजेड फरशीच्या मधोमध, चेहऱ्यांवर मात्र वरून पडणाऱ्या सावल्या. भिंतींवर उजेड टाकला तर खोली मोठी वाटते, चेहरे मऊ दिसतात आणि निम्म्या वॅटमध्ये भागतं. कोपऱ्यात एक उभा दिवा, वाचणाऱ्याच्या खुर्चीमागे एक, टीव्हीच्या मागे भिंतीवर मंद पट्टी, आणि पाहुणे आले, झाडलोट करायची, हरवलेलं कानातलं शोधायचं, यासाठी छताचा मुख्य दिवा वेगळ्या बटणावर. संध्याकाळी बसायच्या दिव्यांचा रंग २७०० ते ३००० असावा. हल्ली 'थ्री इन वन' मिळतो. बटण बंद-चालू केलं की तो पांढरा, मधला आणि पिवळसर असे तीन रंग फिरवतो. अभ्यास, जेवण आणि पाहुणे एकाच खोलीत उरकणाऱ्या घरांना तो खरोखर उपयोगी आहे. उजेड मंद करायचा असेल तर मात्र जुना रेग्युलेटर साध्या एलईडीला जोडू नये. बल्ब फडफडतो आणि लवकर जातो. डब्यावर 'डिमेबल' लिहिलेलाच घ्यावा.

देवघराला लाल-हिरव्या लुकलुकत्या माळा लावण्याची रीत पडली आहे. कोणाच्या श्रद्धेत मला बोट घालायचं नाही. पण पितळ, तांबं, चंदन, कुंकू आणि जास्वंद हे सगळे उबदार रंग आहेत आणि ६५०० केल्विनच्या उजेडात ते राखाडी पडतात. दोन-तीन वॅटचा, २७०० केल्विनचा, वरच्या पट्टीआड लपवलेला दिवा लावून पाहावा. निरांजनाच्या ज्योतीशी त्याचा रंग भांडत नाही.

झोपायच्या खोलीत विज्ञान अधिक गंभीर होतं. डोळ्याच्या पडद्यात काही पेशी बघण्याचं काम जवळपास करतच नाहीत, त्या मेंदूला दिवस आहे की रात्र ते कळवतात. या शतकाच्या सुरुवातीला त्यांचा उलगडा झाला. त्या सगळ्यात जास्त जागतात ते ४८० नॅनोमीटरच्या आसपासच्या निळ्या उजेडाने. रात्री साडेदहाला डोक्यावर झगझगीत पांढरी पट्टी असली तर मेंदूला संध्याकाळ झाल्याचाच निरोप मिळत नाही आणि झोप आणणारं मेलाटोनिन उशिरा स्रवतं. घरातल्या एलईडीने निरोगी डोळा खराब होतो या भीतीला युरोपीय आयोगाच्या तज्ज्ञ समितीला २०१८ मध्ये आधार सापडला नाही. झोपेचा मुद्दा वेगळा आहे आणि तो गांभीर्याने घ्यावा. शेवटच्या तासाभरात उशाशी एक मंद, पिवळसर दिवा पुरे. दिवा बसवताना एकदा पलंगावर आडवं पडून वर बघावं. आपण उभं राहून दिवे बसवतो, पण पाळण्यातलं बाळ आणि अंथरुणाला खिळलेला माणूस दिवसभर छताकडेच बघत असतात. छतातल्या डाउनलाइटचा ठिपका थेट त्यांच्या डोळ्यात जातो.

घरात म्हातारी माणसं असतील तर सगळं गणित त्यांच्यापासून मांडावं. वय वाढतं तशी बाहुली लहान होते, भिंग पिवळट पडतं. साठीतल्या डोळ्याच्या पडद्यावर विशीतल्या डोळ्याच्या साधारण एक तृतीयांशच उजेड पोचतो. आजी "दिसत नाही गं नीट" म्हणतात तेव्हा त्या कुरकुरत नसतात. त्यांना पोथीवर दुप्पट-तिप्पट उजेड हवा असतो, आणि उघड्या दिव्याची चमक मात्र त्यांनाच सगळ्यात जास्त खुपते, कारण धूसर भिंगात उजेड विखुरतो. म्हणून दिवा झाकलेला, बाजूने येणारा, पानाजवळचा. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत धूसर भिंगाच्या जागी स्वच्छ कृत्रिम भिंग येतं, पांढरं निळसर दिसू लागतं आणि जुना दिवा अचानक झोंबतो. तेव्हा खोलीतला बल्ब बदलायला हवा हे सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. पलंग ते संडास या वाटेवर जमिनीपासून फूटभर उंचीवर, माणूस हलला की लागणारा अर्ध्या-एक वॅटचा पिवळसर दिवा हवाच. रात्री पडून खुब्याचं हाड मोडणं म्हातारपणी किती भारी पडतं ते घरोघरी ठाऊक आहे. जुना 'झिरोचा बल्ब' नावाला झिरो असून बारा-पंधरा वॅट खायचा. हा त्याच्या दहाव्या हिश्श्याइतकीही वीज खात नाही.

मुलांच्या टेबलाला ४००० केल्विनचा दिवा, उजव्या हाताने लिहिणाऱ्याच्या डावीकडून, आणि खोलीतला मुख्य दिवाही चालू. अंधारात एकटं उजळलेलं पान डोळे थकवतं. पण चष्म्याच्या काळजीने महागडे 'आय केअर' दिवे घेणाऱ्या आईबाबांना मी एवढंच सांगेन की चीन आणि तैवानमधल्या अभ्यासांत लघुदृष्टी रोखायला उपयोगी ठरलं ते मुलांचं रोज घराबाहेर खेळणं. बाहेर सावलीतसुद्धा हजारो लक्स असतात, टेबलावर तीनशे.

न्हाणीघरात दिवा आरशाच्या वर न लावता दोन्ही बाजूंना लावला तर दाढी करताना हनुवटीखाली अंधार राहत नाही. वाफ आणि पाण्यासाठी आयपी ४४ किंवा त्यावरचा बंद दिवा घ्यावा. गॅलरीत आणि अंगणात वॉर्मच लावावा, कारण पावसाळ्यातली पाखरं निळ्या उजेडाकडे जास्त ओढली जातात. भंडारदरा, पुरुषवाडी, राजमाची या भागांत मे-जूनमध्ये काजवे बघायला गर्दी होते. तिथे घरं बांधणाऱ्यांनी बाहेरचे दिवे शक्यतो खाली तोंड असलेले आणि बंद करता येतील असेच लावावेत. काजव्यांचे नर-मादी एकमेकांना उजेडानेच शोधतात, झगझगाटात ती खूण हरवते.

खरेदीच्या वेळी डब्यावर वॅट शेवटी वाचावा. आधी ल्युमेन, मग केल्विन, मग सीआरआय. त्याबरोबर भारतीय मानक ब्युरोची नोंदणीखूण आणि ऊर्जा दक्षता ब्युरोचं तारांकन. ग्रामीण भागात विजेचा दाब वरखाली होत असेल तर किती व्होल्टपर्यंत चालेल तेही पाहावं. शंभर ते तीनशे व्होल्ट झेपणारे दिवे मिळतात. दुकानात पेटवलेल्या दिव्याकडे मोबाइलचा कॅमेरा धरून बघावं. पडद्यावर काळे पट्टे सरकताना दिसले तर तो दिवा विजेच्या लहरींबरोबर सेकंदाला शंभरदा मंदावतो आहे, आतला ड्रायव्हर, म्हणजे चिपला वीज पुरवणारं सर्किट, हलका आहे. अशा दिव्याखाली काहींचं डोकं दुखतं. एलईडीची चिप सहसा आधी जात नाही, ड्रायव्हरमधला कपॅसिटर उष्णतेने मरतो. म्हणून पंचवीस हजार तासांचं आश्वासन असलेला बल्ब काचेच्या बंद गोळ्यात कोंडला की लवकर जातो. बटण बंद केल्यावरही बल्ब मंद जळत राहिला तर बहुधा बटणात लाल इंडिकेटर असतो किंवा बटण फेजऐवजी न्यूट्रलवर जोडलेलं असतं. दुसऱ्या कारणात धोका आहे. बल्ब बदलतानाही होल्डरमध्ये वीज असते. वायरमनला लगेच बोलवावं.

नवं घर घेत असाल तर प्लास्टर व्हायच्या आधी, एका संध्याकाळी, घरातली सगळी माणसं घेऊन रिकाम्या खोल्यांत जावं. ओटा येईल तिथे उभं राहावं, पलंग येईल तिथे बसावं, आणि वायरमनकडून खडूने पॉइंट मारून घ्यावेत. एका पॉइंटचा खर्च तेव्हा किरकोळ असतो, नंतर भिंत फोडावी लागते. भाड्याच्या घरात भिंती फोडता येत नाहीत, पण होल्डर आपलाच आहे. झोपायच्या खोलीतला पांढरा बल्ब काढून २७०० केल्विनचा लावायला पाच मिनिटं लागतात. प्लगवर चालणारा वाचायचा दिवा आणि पॉवरबँकवर चालणारी कपाटाखालची पट्टी यांना वायरमन लागत नाही. घरमालकाचे काढलेले बल्ब डब्यात घालून माळ्यावर ठेवावेत. घर सोडताना ते परत लावायचे आणि आपले सोबत घ्यायचे.